लाल्ला तुरियानं लपवलेलं पत्र

सफीच्या बंदरावर त्या मंगळवारी असं धुकं उतरलं होतं, की फाटकावरच्या पहारेकऱ्यानं लाल्ला तुरियाला, म्हणजे तुरियाबाईला, ओळखलं ते तिच्या चपलांच्या आवाजावरून. रमजानचा पहिला रोजा. समुद्राच्या ओल्या वाऱ्यात सार्डिन मासळीचा वास भिजून जड झालेला, आणि कारखान्याचा जिना चढेस्तोवर तिच्या डोक्यावरचा रुमालही दमट झालेला. वर येऊन तिनं रोजची कामं उरकली. खिडकी उघडली, धुकं आत येतंय म्हणून परत लावली. फडकं घेऊन काँप्युटरच्या पडद्यावरचा खारट थर पुसला. हा थर रोज पुसायचा आणि रोज बसायचा. फॅक्समध्ये अडकलेला कागद ओढून काढला. कॉफीचं भांडं तेवढं आज कपाटातच राहिलं.

मग काँप्युटरची वेळ लावायला बसली. रविवारी पहाटे देशाचं घड्याळ एक तास मागं गेलं होतं. मोरोक्कोत रमजान तोंडावर आला की सरकार लोकांचा एक तास काढून घेतं आणि ईदनंतर परत देतं. सोमवारी तुरिया रजेवर होती, घरी हरिऱ्याच्या सूपसाठी चणे सोलत बसली होती, त्यामुळं तिच्या टेबलावरचं यंत्र अजून जुन्याच वेळेवर चाललेलं. पूर्वी ते आपणहून घड्याळ हलवायचं, पण नेमकं चुकीच्या आठवड्यात. म्हणून कारखान्याचे काँप्युटर बघणाऱ्या सी अय्यादनं, म्हणजे अय्यादरावानं, त्याची ती अक्कल बंद करून टाकली होती. तेव्हापासून वर्षातनं दोनदा तुरिया हातानं वेळ लावायची.

तिनं चष्मा पुसला. एका चौकटीतला बाण दाबला, काही हललं असं वाटलं नाही. मग दुसऱ्या चौकटीतला दाबला. तास मागं आला. बरोबर झालं म्हणून तिनं मेलचा प्रोग्रॅम उघडला. त्यानं दर दोन आठवड्यांनी विचारायचा तोच प्रश्न फ्रेंचमधून विचारला: जुनी पत्रं आवरून ठेवू का? तुरियानं ‘होय’ दाबलं. बावीस वर्षांत तिनं यंत्राला कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकायला लागली. तोवर तिनं माळ्यावरनं आलेल्या लेबलांचे नमुने मोजून बांधले. वीसेक मिनिटांनी परत येऊन बघते तर पडदा पांढरा. इटलीच्या पत्रांचं खातं उघडलं, रिकामं. स्पेनचं रिकामं. बंदराचं, बर्फवाल्याचं, डबेवाल्याचं, सगळी अकराची अकरा खाती धुऊन पालथी घातलेल्या पातेल्यांसारखी. सकाळी आलेली दोन पत्रंही दिसेनात.

तिनं प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा उघडला. मग काँप्युटरच बंद केला, मनात दहापर्यंत मोजलं, चालू केला. पांढरंच.

तुरिया भित्री होती, आणि ते ती स्वतःच सांगायची. तिला कुत्र्यांचं भय वाटायचं, शिक्क्याच्या कागदाचं वाटायचं, लिफ्टचं वाटायचं, टेलिफोन दोनदा वाजून बंद पडला तर त्याचंही वाटायचं. एकोणिसाव्या वर्षी ती ह्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायला आली. फ्रेंच बरं होतं म्हणून वर टंकलेखन यंत्रावर बसवली, आणि यंत्राच्या जागी काँप्युटर आला तेव्हा खुर्ची तीच राहिली. नवरा कुंभारांच्या टेकडीवर भट्टी लावायचा, एकुलती लेक मराकेशला नर्सिंग शिकत होती. भीतीपायीच तुरियाचं काम चोख असायचं. काही हरवू नये म्हणून ती प्रत्येक गोष्ट ठेवायची, आणि ठेवलेली आहे ना हे दोनदा बघायची. कारखान्यात कुणाला दहा वर्षांपूर्वीचा कागद लागला की म्हणायचे, लाल्ला तुरियाला विचार.

आज दुपारी एक वाजता कागद लागणार होता.

मार्च महिन्यात एकशे अठरा नंबरच्या घाण्याचे, म्हणजे एका खेपेत शिजवलेल्या मासळीचे, डबे इटलीला गेले, आणि खाणाऱ्यांच्या अंगावर गांधी उठल्या, तोंडं लालबुंद झाली, दोघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मासळी उन्हात राहिली की तिच्यात हे विष धरतं, आणि नंतर कितीही शिजवा, ते जात नाही. अन्नतपासणी खात्याचे दोघं आज चौकशीला यायचे होते. घाणा कुणी सोडला, एवढाच प्रश्न होता. मालक हाज्ज मक्कीचं म्हणणं, मला कुणी सांगितलंच नाही. मग उरत होती रक्किया, मासळी तपासणारी. चौतीस वर्षांची विधवा, दोन लेकरं पदरात, मासे सोलायच्या फळीवरून वर चढत प्रयोगशाळेपर्यंत गेलेली. ती म्हणत होती, मी चौदा मार्चला सकाळीच मेल केला होता, की हा घाणा सोडू नका. पण तिच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र एप्रिलमध्ये भंगारात गेलं होतं. तो मेल आता जगात एकाच ठिकाणी होता, तुरियाच्या काँप्युटरमध्ये. तो दाखवता आला नाही तर रक्कियाची नोकरी जाणार होती, आणि प्रकरण पोलिसांत.

तुरियानं तो मेल वाचला होता. छापून हाज्जच्या टेबलावर ठेवला होता. हाज्जनं तो वाचून, चार घड्या करून, जिलाब्याच्या, त्या पायघोळ झग्याच्या, खिशात घातलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता.

आणि गेल्या शनिवारी हाज्जनं तिला आत बोलावून घेतलं होतं. हाज्ज मक्की कधी ओरडत नसे. ओरडणारा असता तर बरं होतं. सत्तरीचा माणूस, जपाच्या तसबीहचे मणी सोडत मऊ आवाजात म्हणाला, “लाल्ला तुरिया, जुन्या पत्रांचं काही खरं नसतं. यंत्र म्हातारं झालंय. एखादं नाही सापडलं, तर तुम्हाला कोण काय बोलणार आहे?”

“जी,” एवढंच ती म्हणाली होती.

आता तेच झालं होतं. पत्र सापडत नव्हतं, नेमकं आज, नेमकं एक वाजायच्या आधी. तिनं मुद्दाम केलं नाही, हे कोण मानणार होतं? हाज्जला वाटेल, बाई शहाणी निघाली. रक्कियाला वाटेल, बाई विकली गेली.

तिनं सी अय्यादला फोन लावला. बऱ्याच वेळानं तो उचलला गेला.

“कोण हाय?” आवाज चिडका, झोपेतला.

“मी तुरिया, कारखान्यातनं. सी अय्याद, माझी पत्रं गेली.”

“गेली तर गेली. आज पहिला रोजा हाय लाल्ला. सकाळपास्नं बिडी न्हाई, कॉफी न्हाई. माझं डोकं गेलंय, ते आधी शोधायला लावा कुणाला तरी.”

“सगळी गेली. अकरा खाती. एक वाजता तपासणीवाले येतायत.”

पलीकडं खाट करकरली. मग, “रडू नका.”

“मी कुठं रडतेय?”

“मग आता रडू नका. सकाळी ते यंत्र काय विचारत हुतं? आवरून ठेवू का म्हणून?”

“हो.”

“आन् तुम्ही हो म्हनला.”

“दरवेळी म्हणते.”

“मग पत्रं मेली न्हाईत. कोठीत गेली. चालू पत्रांची फाइल एक आन् कोठीची फाइल दुसरी. कोठी डाव्या बाजूला दिसायला पायजे, पन ते दाखवायचं बटन बंद आसंल. आता मी सांगतो ते करा, मधी काय इचारू नका. इचारलं की माझं डोकं ठणकतं.”

त्यानं सांगितलं तसं ती करत गेली. वर डाव्या कोपऱ्यात टिचकी, मग ‘उघडा’, मग ‘फाइल’. यंत्रानं एक खिडकी पुढं केली. तिच्यात ती कोठीची फाइल होती, ओळखीच्या नावाची, कधी न उघडलेली. पहिल्या तीन टिचक्या शेजारच्याच नावावर पडल्या.

डाव्या बाजूला खात्यांचं एक नवं झाड उगवलं. त्याच्याखाली इटली, स्पेन, बंदर, बर्फवाला. पत्रंच पत्रं. तुरियाच्या तोंडून “अल्हम्दुलिल्लाह” निघालं आणि खरोखरच डोळ्यांत पाणी आलं.

“मिळाली न्हवं?” अय्याद म्हणाला. “जाऊ का झोपाय?”

“थांबा. सी अय्याद, पण सगळीच का गेली? दरवेळी सहा महिन्यांपूर्वीची तेवढी जातात. आज कालची पण गेली.”

“ते मलाबी कळंना. यंत्राला काल कसं जुनं वाटलं? तारीख बघा की खालची.”

खाली कोपऱ्यात नुसती वेळ दिसत होती. त्याच्या सांगण्यावरून तिनं वेळेवर टिचकी मारली, तेव्हा तारीख उघडली. दिवस बरोबर. महिना बरोबर. वर्ष पुढचं.

सकाळी पहिला बाण दाबला होता तो वर्षाच्या चौकटीतला. तास मागं न्यायच्या आधी तिनं अख्खं वर्ष पुढं ढकललं होतं, आणि यंत्रानं तिच्यावर विश्वास ठेवून सगळी पत्रं वर्षाची म्हातारी धरली होती.

“आत्ता,” अय्याद म्हणाला, “बाकीचे लोक रमजानात तास मागं नेत्यात. तुम्ही आमाला पुढच्या रमजानात नेऊन सोडलं.” आणि तो बिडीवाचूनच हसला.

तुरिया हसली नाही. तिला एक आठवलं होतं.

रक्कियाचं पत्र इटलीच्या खात्यात नव्हतंच. शनिवारी हाज्जच्या खोलीतनं बाहेर आल्यावर तिनं ते तिथून काढलं होतं. तिच्या माघारी हाज्जचा पुतण्या तिच्या खुर्चीत बसायचा, नको तिथं हात घालायचा. छापून ठेवावं तर छपाईचं यंत्र हाज्जच्या दाराशी. लेकीला पाठवून द्यावं हे सुचलं नाही. सुचलं ते आत्ता, आणि आत्ता सुचून काय उपयोग. सफीच्या बायका गावाला जाताना सोन्याची बांगडी कुस्कुसच्या पोत्यात घालून जातात, चोर तिथं हात घालत नाही म्हणून. तसं तिनं ते पत्र ‘पुसलेली पत्रं’ लिहिलेल्या डब्यात, जाहिरातींच्या कचऱ्याखाली दडवलं होतं. मंगळवारी सगळ्यांसमोर उघडून दाखवायचं, असं ठरवून.

“सी अय्याद,” ती म्हणाली, “पुसलेल्या डब्यातलं पण कोठीत जातं ना?”

“न्हाई. त्यातलं दोन महिन्यांपरीस जुनं झालं की यंत्र टाकून देतं. कोठीत कचरा कशाला ठेवंल ते? का ओ?”

तिनं सांगितलं.

“लाल्ला,” मग तो म्हणाला, आणि ह्या वेळी आवाजात चिडचिड नव्हती, त्यामुळं तिला जास्तच भय वाटलं. “यंत्राला हात लावू नका. एकबी पत्र घेऊ नका, एकबी धाडू नका. जागा आवळू का असं इचारंल. न्हाई म्हना. मी येतो.”

फोन ठेवून ती हात मांडीवर घेऊन बसून राहिली. पाचच मिनिटांत यंत्रानं खरंच विचारलं: फाइलमध्ये रिकामी जागा फार झाली आहे, आवळून लहान करू का? ‘होय’ आधीच निळं होऊन तिच्या बोटाची वाट बघत होतं. तुरियानं आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ दाबलं आणि दाबल्यावर खुर्ची मागं सारून उभी राहिली, जणू ते चावेल.

साडेदहाला अय्याद आला. पंचेचाळिशीचा, दाढी वाढलेला, मोटारसायकलवरनं धुक्यात भिजून आलेला. सलाम केला नाही, काही नाही, सरळ खुर्चीत बसला. आधी अख्ख्या फाइलची दुसरी प्रत स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतली. त्यातच पाऊण तास गेला.

“हे बघा,” तो म्हणाला, “यंत्र पत्र पुसतं म्हंजे जाळत न्हाई. दारावरची पाटी काढतं, मानूस आतच आसतो. नवीन कुनी त्या खोलीत ऱ्हायला आला, नायतर घर आवळलं, की मग गेला. मी आता दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावतो. त्यो एकेक खोली उघडून बघंल. आठ फेऱ्या करतो.”

“किती वेळ?”

“ते त्याला इचारा. आन् सापडंलच आसं मी म्हनलेलो न्हाई.”

पहिली फेरी लौकर झाली. दुसरी त्याहून सावकाश. अय्याद खिशातली काडेपेटी काढून वाजवत होता, ठेवत होता, परत काढत होता. तुरिया दाराकडं बघत होती; पुतण्या दोनदा डोकावून, काय बिघडलं ते विचारून गेला होता.

साडेअकराला दार उघडलं आणि रक्किया आत आली. पांढरे गमबूट, केसांवर जाळी, हात थंड पाण्यानं लाल झालेले.

“लाल्ला, छापलं का?”

“छापते. होतंच आहे.”

रक्कियानं अय्यादकडं पाहिलं. मग पडद्याकडं. “सी अय्याद इथं कशाला?”

“घड्याळ लावायला,” तुरिया म्हणाली. ती भीतीपायी खोटं बोलायची तेव्हा तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि हे रक्कियाला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी ह्याच टेबलाशी, मासे सोलून झाल्यावर वास मारणारी बोटं पुसून पुसून, रक्किया तुरियाकडं टायपिंग शिकली होती.

“लाल्ला. पत्र हाय न्हवं?”

तुरियाला वाटलं, अय्यादनं सांगावं. अय्याद काडेपेटीकडं बघत होता.

“नाही,” ती म्हणाली. “होतं. माझ्या हातनं गेलं. घड्याळ लावताना.”

रक्किया उभीच राहिली. गमबुटांतनं पाणी ओघळून फरशीवर पसरत होतं. “शनिवारी तुमाला हाज्जनं आत बोलावलं हुतं म्हनं.”

“बोलावलं होतं.”

“फळीवरच्या समद्या बाया सांगत हुत्या. मी त्यांच्याशी भांडले. म्हनलं, लाल्ला तुरिया तसली न्हाई. ती भित्री हाय, पन तसली न्हाई.”

“रक्किया, अल्लाची शपथ...”

“रोज्याच्या तोंडानं शपथ घेऊ नका,” रक्किया म्हणाली. “राहू द्या. तुमचीबी नोकरी हाय.”

ती गेली. तिनं दार आपटलं असतं तर तुरियाला सोसलं असतं. ते हलक्या हातानं ओढून घेतलेलं ऐकून तिचं काळीज हललं.

“चौथी फेरी,” अय्याद म्हणाला.

पावणेएकला सहावी चालू होती. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. तपासणीचे दोघं, एक चष्मेवाली बाई आणि फायली धरलेला एक टक्कल पडलेला गृहस्थ, जिना चढून हाज्जच्या खोलीत गेले. पाठोपाठ रक्किया गेली, गमबूट काढून, अनवाणी. एक वाजून दहा मिनिटांनी पुतण्या आला: “लाल्ला, चला. बोलावलंय.”

“सातवी,” अय्याद पुटपुटला. “जरा टंगळमंगळ करा की.”

पण टंगळमंगळ करायलाही धीर लागतो. तुरिया गेली. जाताना छपाईच्या यंत्राला हात लागला, थंडगार.

आत रक्किया कोपऱ्यात बसली होती, नजर स्वतःच्या पायांवर. चष्मेवाली बाई म्हणाली, “ह्या म्हणतात, ह्यांनी चौदा मार्चला कार्यालयाला मेल केला. तो तुमच्याकडं येतो. आला होता का?”

तुरियानं तोंड उघडायच्या आतच हाज्जचा मऊ आवाज आला. “बाईंचं यंत्र आजच सकाळी बिघडलंय. सगळी पत्रं गेली बिचारीची. जुनं यंत्र, तिचा काय दोष? मी उद्याच नवं मागवतो.” आणि तो तुरियाकडं बघून हसला, वडीलधारं, खरोखर मायेनं हसावं तसं. “हो ना, लाल्ला तुरिया?”

समोर वाट मोकळी होती. ‘होय’ म्हणायचं. पत्र गेलं हे खोटंही नव्हतं. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. तिला लेकीची फी आठवली, नवऱ्याचा भट्टीच्या धुरानं धरलेला खोकला आठवला. तिनं खुर्चीची पाठ धरली.

“यंत्र बिघडलं नाही,” ती म्हणाली. आवाज बारीक नव्हता, नुसता घोगरा होता. “मी चुकले. तारीख चुकीची लावली आणि पत्र पुसलं गेलं. पण ते आलं होतं. चौदा मार्चला, सकाळी नऊच्या सुमाराला. एकशे अठरा नंबरचा घाणा उन्हात राहिलाय, सोडू नका, असं लिहिलं होतं. मी वाचलं. छापलं. हाज्जच्या टेबलावर ठेवलं.”

तसबीहचे मणी थांबले.

“ठेवलंत म्हणजे,” टक्कलवाला गृहस्थ म्हणाला, “त्यांनी वाचलं का?”

“वाचलं. घडी करून खिशात ठेवलं.”

“लाल्ला तुरिया,” हाज्ज म्हणाला, “तुमची तब्येत बरी नाही. पहिला रोजा असा चढतो कधी कधी.”

“कागद आहे का तुमच्याकडं?” चष्मेवालीनं विचारलं. “नुसत्या बोलण्यावर मला काही लिहिता येत नाही.”

“नाही,” तुरिया म्हणाली. आणि तिला कळलं, की तिनं स्वतःला पुरतं बुडवलं होतं, आणि रक्कियाला काढलंही नव्हतं.

रक्कियानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं होतं, एवढंच.

बाहेर दाराशी छपाईचं यंत्र घरघरलं. सगळ्यांनी ऐकलं. त्यानं एकदा कागद ओढला, अडकला, परत ओढला. मग दारावर थाप पडली आणि सी अय्याद, विस्कटलेला, हातात एक कागद धरून उंबऱ्यावर उभा राहिला.

“माफ करा,” तो म्हणाला. “आख्खं न्हाई आलं.”

चष्मेवालीनं कागद घेतला. वर पाठवणारीचं नाव होतं, रक्कियाचं. तारीख, चौदा मार्च. वेळ, नऊ वाजून सहा मिनिटं. विषय, ‘घाणा ११८, तातडीचं’. खाली दीड ओळ धड होती: ‘मासळीचा माल तपासला. विष मर्यादेच्या दुप्पट निघालं आहे, हा घाणा कृपया सो...’ आणि तिथून पुढं नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं, पानभर.

बाईनं ते दोनदा वाचलं. मग अय्यादला विचारलं, कुठून आलं, कसं काढलं, मूळ फाइल कुठं आहे. त्यानं डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि प्रत काढल्याची वेळ सांगितली. ह्या वेळी तो कुणावर चिडला नाही. टक्कलवाल्यानं डिस्क पाकिटात घालून चिकटवली आणि पाकिटावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तुरियानं सही केली तेव्हा पेन कागदात घुसलं.

“ह्यांच्यावरचा आरोप आत्ता तरी उभा राहत नाही,” बाई रक्कियाकडं हात करून म्हणाली. “बाकीचं लेखी कळवू.” हाज्जकडं बघून ती पुढं म्हणाली, “आणि त्या दिवशीचा जिलाबा कुठला, ते आठवून ठेवा.”

ते गेल्यावर रक्किया दाराशी तुरियाजवळ थांबली. तिनं आपला लाल, ओला हात तुरियाच्या मनगटावर ठेवला, क्षणभर, आणि गमबूट घालून खाली गेली. तिच्या मासळीचं बर्फ वितळत होतं.

हाज्ज मागं खुर्चीत बसलेला होता. तो ओरडला नाही. “लाल्ला तुरिया,” तो म्हणाला, “दमला असाल. आपण उद्या बोलू.”

ते ‘उद्या’ तिच्या पाठीत बर्फासारखं उतरलं. ती आपल्या टेबलापाशी आली. अय्याद आवराआवर करत होता.

“उद्या मला काढतील,” ती म्हणाली.

“काढतीलबी,” अय्याद म्हणाला. “पन तपासणीचा कागद हाय तवर काढणं सोपं न्हाई. आन् काढलंच, तर माझ्या दुकानात या. गिऱ्हाइकं फोन करून रडत्यात, त्यांच्याशी बोलाय मला मानूस पायजे.” दारातनं तो परत वळला. “घड्याळाला मातूर हात लावायचा न्हाई.”

तिला हसू आलं नाही, पण श्वास जरा खालपर्यंत गेला. तिनं खुर्ची पुढं ओढली. भीती गेली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. दोनदा वाजून बंद पडला नाही, वाजतच राहिला. बंदरावरनं होता. धुकं फाटलं होतं, दोन नावा लागल्या होत्या, अकरा टन मासळी, सोलणाऱ्या बायका लागतील.

“किती?” तिनं विचारलं.

“साठ तरी.”

तुरियानं पेन्सिल घेतली, गाडीवाल्यांची यादी पुढं ओढली आणि पहिल्याला फोन लावला. “सी बूशाइब, उठा. मासळी आलीय. दोन गाड्या काढा, आणि बायकांना सांगा, रोजा सुटायच्या आत घरी सोडू.”